किशोरवयावरील चित्रपटांतले आईवडील

मध्यंतर

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एक चित्रपट दाखवला जातो. यंदाच्या उन्हाळ्यात नववी-दहावीची मुले आणि त्यांचे पालक यांना एकत्र बसवून वयात येण्याविषयीचे देशोदेशीचे चित्रपट दाखवावेत असे ठरले असून निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. यादी करताना लक्षात आले की या प्रकारातले पुष्कळ चित्रपट मुलाची बाजू घेण्याच्या भरात आईवडिलांना केवळ अडसर करून टाकतात. बाप ओरडतो, आई रडते, दार आपटले जाते आणि मूल घराबाहेर पडते. माझे मत असे की ज्या चित्रपटात मुलाइतकेच आईवडीलही स्वतंत्र माणसे म्हणून दिसतात, तोच या प्रकारातला पूर्ण चित्रपट.

माझ्या डोळ्यांसमोर आहे तो सत्यजित राय यांचा १९५६चा 'अपराजितो'. अपू शिष्यवृत्ती मिळवून कलकत्त्याला शिकायला जातो, छापखान्यात काम करतो आणि हळूहळू गावाकडे येणे कमी करतो. सुट्टीत आलेला असताना त्याची आई सर्वजया त्याच्या उशाशी बसून आपल्या आजारपणाचा विषय काढते, तू मिळवता झालास की माझ्या औषधपाण्याचे बघशील ना असे विचारते, आणि उत्तर येत नाही म्हणून बघते तर अपू झोपी गेलेला असतो. राय यांनी इथे कोणालाही दोषी ठरवलेले नाही. दिवसभर दमलेले पोर झोपणारच, आणि एकटी आई तेव्हाच बोलणार. पुढे अपू परत जायला निघतो, स्टेशनवर पोहोचतो, गाडी येते, पण तो चढत नाही; घरी येऊन आईला गाडी चुकली असे सांगतो. ही दोन दृश्ये एकाच मुलाची आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

असे आणखी चित्रपट सुचवावेत, आणि माझे मत पटत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

रानजाई

धागा आवडला. 'अपराजितो'बद्दल एक भर घालते. या चित्रपटाला १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'गोल्डन लायन' हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पण बंगालमध्ये तो फारसा चालला नव्हता. आईपासून मनाने दूर जाणारा मुलगा तिथल्या प्रेक्षकांना रुचला नाही. आई गेल्यावर तो गावात न थांबता श्राद्ध कलकत्त्यात कालीघाटला करीन असे सांगून परीक्षेसाठी निघतो, हे तर पुष्कळांना खटकले असणार. म्हणजे आईला इतक्या आपुलकीने दाखवूनही दिग्दर्शकाने मुलाला परत फिरवले नाही. तुमच्या सभागृहातले पालक हा शेवट कसा घेतील याचा आधीच विचार करून ठेवावा.

अनवट

मध्यंतर, तुमच्या मताशी मी सहमत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर लिहितो.

फ्रान्स्वा त्रुफो यांचा १९५९चा 'द फोर हंड्रेड ब्लोज' तुमच्या कसोटीवर अपुरा ठरेल. आंत्वान द्वानेलची आई त्याला टाळते, सावत्र वडील आधी हसतात आणि मग हात झटकतात. वडिलांच्या कचेरीतून टाइपरायटर चोरलेला हा मुलगा विकता येत नाही म्हणून तो परत ठेवायला जातो आणि नेमका तेव्हा पकडला जातो. त्यानंतर त्याला स्वतः पोलिसांच्या हवाली करणारे गृहस्थ हेच सावत्र वडील असतात. पोलीस गाडीच्या गजांमागून रात्रीचे पॅरिस पाहताना त्या मुलाचे डोळे भरून येतात. त्या क्षणी आईवडिलांची बाजूही मांडायला हवी होती असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जग जसे दिसते तसेच दाखवण्याचा हक्क चित्रपटाला असला पाहिजे, कारण त्या वयात मुलाचे म्हणणे ऐकून घेणारे दुसरे व्यासपीठ नसते. मोठ्यांची बाजू मांडणारे घरात, शाळेत, कोर्टात सगळीकडे असतात.

शिरीषफूल

अनवट यांच्या प्रतिसादाला जोडून त्याच चित्रपटातला एक प्रसंग आठवून देते. सुधारगृहात मानसतज्ज्ञ आंत्वानला प्रश्न विचारते तेव्हा तिचा फक्त आवाज ऐकू येतो आणि कॅमेरा सगळा वेळ मुलावर असतो. आंत्वानचे काम करणाऱ्या ज्यां-प्येर लेओ या मुलाने इथली बरीचशी उत्तरे उत्स्फूर्तपणे दिली होती. हाताची चाळवाचाळव करत, मध्येच हसत तो सांगतो की आईला मूल नको होते, आजीने आग्रह धरला म्हणून मी जन्माला आलो. त्या एका वाक्यात आईचेही आयुष्य दिसून जाते: लग्नाआधी दिवस गेलेली, पर्याय नसलेली तरुण मुलगी. तेव्हा मला वाटते हा चित्रपट मध्यंतर यांच्या कसोटीवर नापास होत नाही. आईची बाजू आहे, फक्त ती मुलाच्या तोंडून येते आणि म्हणून अधिक बोचते.

त्रुफो यांचे स्वतःचे बालपण पुष्कळसे असेच होते आणि हा चित्रपट पाहून त्यांचे आईवडील दुखावले गेले होते, हेही इथे सांगायला हवे.

अनवट

शिरीषफूल, हा मुद्दा मान्य. पण त्या दृश्यात दिग्दर्शक आईला समजून घ्या असे आपल्याला सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

काळी_माती

मी पहिल्यांदाच या विभागात लिहीत आहे.

परदेशातल्या चित्रपटांची चर्चा वाचली, आणि नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'चा उल्लेख अजून झाला नाही म्हणून राहवले नाही. त्यातल्या कचरू मानेला तुम्ही अडसर म्हणाल का? जब्याला शाळेत जायचे असते, शालूला आवडायचे असते, जीन्सची पँट घ्यायची असते. आणि बाप त्याला डुक्कर पकडायला ओढून नेतो. वरवर पाहिले तर हाही मुलाच्या वाटेत येणारा बापच. परंतु किशोर कदम यांनी उभा केलेला हा माणूस गावासमोर वाकून, आवाज खाली ठेवून बोलतो आणि घरात आल्यावर त्याचा राग पोरावर निघतो. मुलीचे लग्न ठरलेले असते, पैसा हवा असतो, आणि पैसा मिळण्याची वाट पाटलाच्या दारातून जाते. त्याला नकार देण्याची सोय कोणी ठेवलेली नाही.

शाळेजवळच डुक्कर पकडणे चालू असताना राष्ट्रगीत सुरू होते आणि ते सगळे कुटुंब हातातले काम टाकून स्तब्ध उभे राहते. डुक्कर निसटून जाते. थोड्या वेळाने मेलेले डुक्कर काठीला बांधून हेच बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात, तेव्हा मागे बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र असते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड बापाला उद्देशून नाही, तो सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. म्हणून मला वाटते की आईवडील विरुद्ध मुले ही मांडणीच काही घरांना लागू पडत नाही. ज्या घरात बाप स्वतःच गावापुढे लहान केला जातो, तिथे मुलाने मोठे व्हायचे म्हणजे बापाला ज्यांनी लहान केले त्यांच्याशी भांडायचे असते. मी अशाच वस्तीत वाढलो, म्हणून हे जबाबदारीने लिहितो आहे.

तुमच्या वाचनालयात हा चित्रपट दाखवणार असाल तर सर्व वस्त्यांतल्या मुलांना बोलवा, ही विनंती.

रानजाई

काळी_माती, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. लिहीत राहा.

मध्यंतर

काळी_माती, मनापासून आभार. 'फॅन्ड्री' यादीत नक्की आहे, आणि बोलावणे सर्व वस्त्यांत स्वतः जाऊन करणार आहे.

पूर्वरंग

काळी_माती यांनी मांडलेला मुद्दा तैवानच्या एका चित्रपटात वेगळ्या रीतीने आला आहे. एडवर्ड यांग यांचा १९९१चा 'अ ब्रायटर समर डे' १९६०च्या सुमाराच्या तैपेईत घडतो. १९४९च्या सत्तांतरानंतर चीनच्या मुख्य भूमीवरून बेटावर आलेली कुटुंबे, लष्करी कायदा, रात्रशाळा, मुलांच्या टोळ्या आणि अमेरिकी गाणी असा तो काळ. १९६१ साली तिथे एका शाळकरी मुलाने एका मुलीचा खून केला होता आणि त्या खऱ्या घटनेवर हा चित्रपट बेतलेला आहे.

त्यात वडील मुलाच्या बाजूने शाळेशी दोनदा बोलायला जातात. पहिल्या वेळी ते ताठ मानेने वाद घालतात आणि घरी परतताना मुलाला सांगतात की आपली चूक नसेल तर माणसाने झुकू नये. मधल्या काळात गुप्त पोलीस त्यांना जुन्या ओळखींवरून चौकशीला नेतात, दिवसरात्र तेच ते लिहायला लावतात, आणि ते परत येतात तेव्हा आतून मोडलेले असतात. दुसऱ्या वेळी तेच वडील शाळेतल्या माणसापुढे गयावया करतात आणि मुलगा शेजारी उभा राहून ते पाहतो. पुढे जी हिंसा घडते तिचे बीज माझ्या मते या दोन भेटींच्या मधल्या अंतरात आहे. मुलाचे काम करणारा चँग चेन आणि वडिलांचे काम करणारे चँग क्वो-चू हे प्रत्यक्षातही बापलेक आहेत, हे कळल्यावर ती दृश्ये मी वेगळ्याच लक्षाने पाहिली.

अडचण एकच. चित्रपट जवळजवळ चार तासांचा आहे, त्यामुळे वाचनालयात दाखवायचा तर मध्ये जेवणाची सुट्टी द्यावी लागेल.

ओलेता_दिवा

मी दोन मुलींची आई आहे, धाकटी आता दहावीत आहे. माझ्या बाजूने दोन चित्रपट सुचवते.

पहिला कोरियाचा 'हाऊस ऑफ हमिंगबर्ड', दिग्दर्शिका किम बोरा, २०१८. सोल शहर, साल १९९४, चौदा वर्षांची उन्ही. आईवडिलांचे तांदळाच्या मिठायांचे दुकान आहे आणि ते दोघेही थकलेले असतात. भाऊ तिला मारतो आणि घरात त्याचे कोणाला विशेष वाटत नाही. एकदा रस्त्यात तिला आई दिसते, ती हाक मारते, पुन्हा मारते, जोराने मारते. आई वळून बघत नाही, कुठल्याशा विचारात तशीच निघून जाते. याचा खुलासा चित्रपट करत नाही. मी ते पाहिले आणि रात्री मुलीला विचारले, मी कधी अशी तुझी हाक ऐकली नाही असे झाले आहे का? ती म्हणाली, खूपदा. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. चित्रपटातल्या त्याच १९९४ साली २१ ऑक्टोबरला सोलमधला सोंगसू पूल कोसळून ३२ माणसे मेली होती. ती घटना चित्रपटात अशा जागी येते की एरवी दगडासारखा वागणारा भाऊ जेवणाच्या टेबलावर रडू लागतो.

दुसरा 'लेडी बर्ड', ग्रेटा गरविग, २०१७. त्यातली आई परिचारिका आहे, दुहेरी पाळ्या करते आणि मुलीशी तिचे एक वाक्य धड होत नाही. मुलगी दूरच्या कॉलेजात जायला निघते तेव्हा आई विमानतळावर गाडीतून उतरतही नाही. गाडी पुढे नेते, मग रडत वळवून आणते, पण तोवर उशीर झालेला असतो. तिने मुलीसाठी लिहायला घेऊन टाकून दिलेली पत्रे वडील गोळा करून मुलीच्या सामानात ठेवतात. मला यात आईचे समर्थन दिसले नाही, पण तिची तगमग दिसली आणि ती आपल्या घरांतल्या तगमगीपेक्षा वेगळी नाही.

सावंत_गुरुजी

निवृत्त शिक्षक म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. आईवडिलांची चर्चा चालली आहे, पण या चित्रपटांत शिक्षकाची जागा फार मोठी असते. केन लोच यांच्या १९६९च्या 'केस'मध्ये बार्न्स्लीच्या कोळसा खाणीच्या भागातला बिली कॅस्पर हा मुलगा एक ससाणा पाळतो. घरात त्याला कोणी विचारत नाही आणि शाळेत छडी व अपमान ठरलेले. मात्र एक शिक्षक त्याला वर्गात उभे करून ससाण्याबद्दल बोलायला सांगतात. एरवी तोंड न उघडणारा बिली पट्टा कसा बांधायचा, पक्ष्याला हातावर बोलवायला कसे शिकवायचे हे इतक्या बारकाईने सांगतो की सारा वर्ग शांत होतो. नंतर ते शिक्षक शेतात जाऊन त्याचा ससाणा बघतात. त्यांनी केले ते एवढेच, पण एवढे करणारा एक मोठा माणूस ज्या मुलाला मिळतो त्याचे पारडे बदलू शकते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले. 'हमिंगबर्ड'मधल्या शिकवणीच्या बाईंचेही तेच.

वाट_चुकलेला

सगळे प्रतिसाद वाचून काही लिहावेसे वाटले. कदाचित थोडे कठोर वाटेल.

विक्रमादित्य मोटवाने यांच्या २०१०च्या 'उडान'मधले भैरव सिंह मी जवळून ओळखतो. जमशेदपूरचे ते घर, टेबलावरचे मौन, बापाला 'सर' म्हणणे, सकाळी त्याच्या मागे धावणे, कविता लिहिल्याची शिक्षा म्हणून कारखाना. माझ्या घरी कारखाना नव्हता, बाकी सारे होते. मी तो चित्रपट कॉलेजात असताना पाहिला आणि शेवटी रोहन बापाला मागे टाकून पळतो तेव्हा मला पहिल्यांदा असे वाटले की पळून जाणे ही हार नसू शकते. लहान भावाला तो सोबत घेऊन जातो, ही त्या चित्रपटातली सर्वांत समजूतदार कृती आहे.

आता मध्यंतर यांच्या सूत्राकडे येतो. आईवडिलांनाही माणूस म्हणून पाहणे हे सूत्र ज्यांच्या घरी प्रेम आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. ज्या घरात मार आहे, त्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून तुझ्या वडिलांचेही काही दुःख असेल असे सांगणे म्हणजे मार खाणाऱ्यावरच समजूत काढण्याची जबाबदारी टाकणे आहे. तुमच्या सभागृहात अशी मुले असणार, आणि ती आपल्या वडिलांच्या शेजारी बसलेली असणार. त्यांना एक तरी चित्रपट असा दिसू द्या, जो कोणतीही अट न घालता त्यांच्या बाजूचा आहे.

अनवट

माझ्या मनातले याहून नेमके मला लिहिता आले नसते.

ओलेता_दिवा

वाट_चुकलेला, तुमचे लिखाण वाचून बराच वेळ गप्प होते. समजून घेण्याचा भार मुलावर टाकू नये हे पूर्णपणे पटले. आई म्हणून एवढेच म्हणेन की तो भार आम्हा पालकांवर टाकायला हे चित्रपट उपयोगी पडावेत.

पूर्वरंग

या संदर्भात देनिझ गामझे एर्गुव्हेन यांचा २०१५चा 'मस्टँग' आठवला. तुर्कस्तानात काळ्या समुद्राजवळच्या गावात पाच अनाथ बहिणी आजी आणि काका यांच्या ताब्यात आहेत. मुलांसोबत समुद्रात खेळल्या म्हणून त्यांची शाळा सुटते, खिडक्यांना गज बसतात आणि एकेकीचे लग्न लावले जाते. हे घर काही समजून घेण्यासारखे नाही आणि दिग्दर्शिका तसे भासवतही नाही. तरी एक प्रसंग असा आहे, की मुली चोरून फुटबॉलचा सामना पाहायला जातात, त्या टीव्हीवर दिसतात, आणि ते घरातल्या बाईच्या लक्षात येताच ती पुरुषांनी बघू नये म्हणून आधी घराची आणि मग धावत जाऊन साऱ्या गावाची वीज घालवते. कैदेची राखण करणारी बाईच क्षणभर मुलींची ढाल होते. वाट_चुकलेला यांचे म्हणणे मान्य करूनही मोठ्यांना माणूस म्हणून दाखवता येते, याचे हे उदाहरण मला वाटते.

रानजाई

वयाचा मुद्दा राहिला. सौदी अरेबियाच्या हैफा अल-मन्सूर यांचा २०१२चा 'वज्दा' कोणी सुचवायच्या आधीच सांगते, की त्यातली सायकलसाठी धडपडणारी मुलगी दहा-अकरा वर्षांची आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'तला चिन्मयही अकरा वर्षांचाच. पण वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात येऊन पडलेला तो मुलगा आणि कचेरीत एकटी झुंजणारी ती आई, ही जोडी या धाग्यात हवीच. अमृता सुभाष यांचे त्यातले काम फार संयत आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला 'क्रिस्टल बेअर' मिळाले ते मुलांच्या परीक्षक मंडळाकडून, म्हणजे त्या वयाच्या परक्या मुलांना कोकणातल्या मायलेकरांचे दुःख कळले. निवड करताना गावातल्या दोन-चार मुलांनाही विचारावे असे यावरून सुचते.

शिरीषफूल

रिचर्ड लिंकलेटर यांच्या 'बॉयहूड'ची शिफारस करून ठेवते. २००२ ते २०१३ अशी बारा वर्षे तेच कलाकार घेऊन थोडे थोडे चित्रीकरण केले असल्याने मुलाबरोबर आईवडीलही डोळ्यांसमोर वयाने वाढतात. मुलगा कॉलेजला निघताना आई एकाएकी रडते आणि आयुष्यात याहून अधिक काही असेल असे वाटले होते, अशा अर्थाचे बोलते. पॅट्रिशिया आर्केट यांना याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

मध्यंतर

सर्वांचे आभार. इतक्या जिव्हाळ्याने कोणी लिहील असे वाटले नव्हते.

वाट_चुकलेला यांच्या प्रतिसादानंतर मी यादी नव्याने केली. चार रविवार मिळणार आहेत. पहिल्या रविवारी 'किल्ला' ठेवतो, कारण भाषेची अडचण नाही आणि पालक व मुले दोघांनाही त्यात शिरता येते. दुसऱ्या रविवारी 'फॅन्ड्री'. तिसऱ्या रविवारी 'द फोर हंड्रेड ब्लोज'. तो फक्त मुलांसाठी असेल, पालकांना त्या दिवशी बोलावणार नाही. चौथ्या रविवारी 'अपराजितो' सर्वांसाठी. रानजाई यांच्या सूचनेप्रमाणे दहावीतल्या तिघांना निवडीत घेतले आहे, आणि 'उडान' हवाच असा त्यांचा आग्रह असल्याने तो जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर दाखवू. 'अ ब्रायटर समर डे' माझ्या मनातून जात नाही, पण एवढ्या लांबीचा चित्रपट पहिल्याच वर्षी झेपणार नाही.

फ्रेंच आणि बंगाली संवादांची मराठी उपशीर्षके मिळाली नाहीत. इंग्रजी वाचताना मुले मागे पडतात, म्हणून प्रत्येक चित्रपटाआधी कथेचा एक पानी मराठी गोषवारा वाटावा असा विचार आहे. कोणी लिहून देईल का?

काळी_माती

'फॅन्ड्री'ला गोषवारा लागणार नाही, पण त्या दिवशी मी स्वतः येईन. गाव कळवा.

सावंत_गुरुजी

'अपराजितो'चा गोषवारा मी लिहून देतो. एक सूचना मात्र आवर्जून करतो: चित्रपट संपल्यावर लगेच सर्वांसमोर मुलांना काय वाटले ते विचारू नका. आईवडील शेजारी असताना मूल त्यांना हवे तेच उत्तर देते. वह्या ठेवा, ज्याला लिहायचे त्याने नाव न घालता लिहावे, आणि त्या वह्या पालकांच्या हाती देऊ नका.

वाट_चुकलेला

गुरुजींच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. 'द फोर हंड्रेड ब्लोज'चा गोषवारा मी शनिवारपर्यंत पाठवतो. शेवट त्यात सांगणार नाही.